३० इंची टेबल, प्लास्टिकची खुर्ची आणि बसणारे दोघं वेगळ्या उंचीचे: सेवा केंद्रातली बैठक कशी लावायची?

सेवाकेंद्र_दारव्हा

दारव्हा तालुक्यातल्या गावात आपले सरकार सेवा केंद्र आहे. खोली १० बाय १२, वर टिन. दार पश्चिमेला, दक्षिणेच्या खिडकीत कूलर. टेबल सुताराकडून बनवलेलं, ४ फूट बाय २ फूट, उंची ३० इंच, समोर मधोमध ४ इंचांचा ड्रॉवर. खुर्ची साधी, हाताची, प्लास्टिकची. बैठक जमिनीपासून १७ इंच. १५.६ इंची लॅपटॉप थेट टेबलावर, त्याच्याच कीबोर्डवर टायपिंग. माउस वेगळा आहे.

सकाळी मी बसते (उंची ५ फूट १ इंच), दुपारनंतर माझे दीर (५ फूट ९ इंच). जून-जुलैत दाखले आणि पीक विमा एकाच वेळी येतात, तेव्हा उठायला सवड नसते. मानेच्या मुळाशी आणि उजव्या खांद्यात दुखतं, संध्याकाळपर्यंत डोळे चुरचुरतात. दिरांचे गुडघे ड्रॉवरला लागतात.

खर्चाची तयारी पाच-सहा हजारांची आहे. ऑफिसची खुर्ची घ्यावी, टेबल बदलावं की मोठा मॉनिटर? पहिला पैसा कशावर घालावा?

---

फिजिओ_वर्धा

ताई, पहिला पैसा खुर्चीवर नको. तुमचं टेबल उंच आहे, बाकीचं दुखणं बरंचसं तिथून सुरू होतं.

तुमच्या उंचीला कोपर बैठकीपासून साधारण ८ इंचांवर येतं. बैठक १७, म्हणजे कोपर २५ इंचांवर आणि टेबल ३० वर. हात टेबलावर टेकवायचे तर खांदे उचलूनच धरावे लागतात. मानेपासून खांद्यापर्यंत जाणारा स्नायू हे ओझं तासन्‌तास सांभाळतो आणि मानेच्या मुळाशी दुखू लागतं. उंच होणारी गॅसची खुर्ची आणली तर कोपर वर येईल, पण पाय लोंबकळतील आणि मांडीच्या मागच्या बाजूला खुर्चीची कड रुतेल.

मी दिलेले आकडे अंदाजाचे आहेत, कापाकापीच्या आधी दोघांचीही मापं घ्या. केंद्रात चपला बाहेर काढत असाल तर अनवाणीच मोजा, चपलेनं अर्धा-पाऊण इंच सहज फरक पडतो. खुर्चीत पाठ टेकून बसायचं, दंड अंगालगत सरळ खाली सोडायचे, कोपर काटकोनात. दुसऱ्यानं टेपनं दोन मापं घ्यायची: जमिनीपासून गुडघ्यामागच्या खळगीपर्यंत आणि बैठकीपासून कोपराच्या खालच्या हाडापर्यंत. तुमचं साधारण १५ आणि ८ इंच निघेल, दिरांचं साडेसतरा आणि साडेनऊ.

दोघांत एकच टेबल असेल तर ते उंच माणसाच्या मापानं करायचं, आणि कमी उंचीच्या माणसानं बैठक वर घेऊन पायाखाली आधार ठेवायचा. उलटं केलं तर दिरांच्या मांड्या अडकतील आणि पाठीला पोक येईल. दिरांचं कोपर १७ अधिक साडेनऊ म्हणजे साडेसव्वीस ते २७ इंचांवर असेल. कीबोर्डला स्वतःची पाऊण-एक इंच जाडी असते, म्हणून टेबलाचा वरचा पृष्ठभाग कोपरापेक्षा तेवढाच खाली हवा. हिशेब २६ इंचांवर येतो, म्हणजे पाय ४ इंच कापायचे.

ड्रॉवर मात्र काढावाच लागेल. दिरांची बैठक १७ आणि मांडीची जाडी ६ धरली तर मांडी २३ इंचांपर्यंत येते. २६ मधून फळी पाऊण इंच आणि ड्रॉवर ४ इंच वजा केला की खाली सव्वाएकवीसच उरतात. ड्रॉवर काढला की सव्वापंचवीस मिळतात. तो टेबलाच्या डाव्या टोकाला सरकवून लावता आला तर शिक्के, स्टेपलर तिथे ठेवता येतील.

तुमच्यासाठी बैठक १९ इंच हवी. पिंजाऱ्याकडून कापसाची घट्ट भरलेली गादी करून घ्या, १६ बाय १६ इंच, नवी असताना ३ इंच जाड. आठवडाभरात ती दबून दोनेक इंचांवर येते, तेव्हा पुन्हा मोजा. फोमची गादी घेऊ नका, मे महिन्यात तिच्यावर बसवत नाही आणि घामानं कातडी खराब होते. पायाखाली दोन्ही टोकांना आडव्या विटा ठेवून वर १ इंची फळी टाका. वीट ३ इंच, फळी १, म्हणजे तुम्हाला हवे तेवढे ४ इंच होतात. दीर बसायला आले की गादी आणि फळी बाजूला, एवढंच.

खुर्ची बिनहाताची घ्या, प्लास्टिकची चालेल. हाताच्या खुर्चीचे हात २५-२६ इंचांवर असतात, टेबल खाली आलं की ते फळीला अडतील. मग माणूस पुढे सरकून खुर्चीच्या काठावर बसतो, पाठ सुटते आणि सगळं मोजमाप वाया जातं. कमरेच्या खोलगट भागात, पट्ट्याच्या किंचित वर, सुती दुपट्ट्याची ४ इंच जाड गुंडाळी सुतळीनं खुर्चीला बांधा. खुर्चीची पुढची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत तीन बोटं जागा राहिली पाहिजे, नाहीतर पोटऱ्या जड होतात.

---

फॅब्रिकेशन_आर्णी

ताई, त्यायनं माप बराबर सांगतलं. पन करवत लावाच्या आधी टेबलाची खालची आडवी पट्टी किती उंचीवर आहे ते पाह्यजा. ती ६ इंचावर असन त पाय कापल्यावर २ इंचावर येईन. मंग पाय ठेवाले जागा राहत नाई आन विटावरची फयीबी आत घुसत नाई. पुढची पट्टी काढून टाका, मांगची राहू द्या, नाईत टेबल हालते.

चारई पाय एकदम ४ इंच कापू नका. आधी साडेतीन कापा, दोघंबी चार दिवस बसून पाहा, मंग राहिलेला अर्धा. जास्त कापलं त लाकूड परत जोडता येत नाई. कापाची खून टेबल जिथं ठेवाचं तिथंच ठेवून मारजा, शहाबादी फरशी कुठंच सपाट नसते. खालून रबराचे बूट लावजा आन त्यायची पाव इंच उंची हिशेबात धरजा. ड्रॉवर काढला का समोरची चौकट ढिली होते, म्हनून आतल्या कोपऱ्यात लोखंडी एल पट्ट्या लावून स्क्रू आवया, खिये ठोकू नका.

टेबलाची समोरची धार गोल करून घेजा. रंधा माराचा, मंग पॉलिश पेपर. धार तशीच राहिली त मनगटात रुतते.

कोनी म्हनन का वरखाली होनारं लोखंडी टेबल करा. होते, पन नीट समजून घ्या. बाहेरचा पाइप सव्वा इंची चौरस, आतला १ इंची, दोन्हीच्या पत्र्याची जाडी १६ गेज. आत तीन मिलिमीटरची ढील राहते. ती लागतेच, कारन पाइपात आतून वेल्डची शीर असते, टाइट बसवला त सरकत नाई. ढील माराले बाहेरच्या पाइपाले नट वेल्ड करून ८ मिलिमीटरचा बोल्ट आवयाचा. छिद्रं इंचा-इंचावर, पन चारई पाय एकत्र बांधून माराची. एकएक पाय येगयेगळा मारला त अर्ध्या सुताचा फरक पडते आन टेबल डगमग करते.

मले इचारसान त तुमच्यासाठी हे नको. रोज दुपारी चार बोल्ट सोडून टेबल उचलाचं काम कोनी करत नाई, चार दिवसानं ते एकाच उंचीवर राहते. गादी आन फयीच बरी.

---

टायपिंग_अमरावती

टेबल झालं की पुढचा खर्च बाहेरच्या कीबोर्डचा. लॅपटॉपला पडदा आणि कीबोर्ड एकाच बिजागरीला असतात. हात बरोबर उंचीवर आणले की पडदा खाली राहतो, पडदा वर घेतला की हात वर जातात. कीबोर्ड वेगळा केल्याशिवाय यातून सुटका नाही.

सुताराकडूनच प्लायचा एक खोका करून घ्या: उंची ८ इंच, रुंदी १७, खोली ११, पुढून-मागून उघडा. लॅपटॉप खोक्यावर. उघड्या बाजूंनी हवा खेळते आणि काम संपलं की आकड्यांचा भाग नसलेला छोटा कीबोर्ड आत सरकवता येतो. लॅपटॉपच्या पडद्याची वरची कड टेबलापासून १० इंचांवर असते, ती १८ वर जाईल. तुमचे डोळे टेबलापासून साधारण २० इंचांवर, दिरांचे २२-२३ वर येतील. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा थोडी खाली असावी, त्यामुळे दोघांचंही भागेल. दिरांनी पडदा जरा मागे कलवावा. अंतर हात लांब केल्यावर बोटं पडद्याला टेकतील एवढं. बायफोकल चष्मा असणाऱ्यानं मात्र पडदा आणखी दोन-तीन इंच खाली घ्यावा, नाहीतर चष्म्याच्या खालच्या काचेतून पाहायला हनुवटी वर करून मान मागे टाकावी लागते.

आता मराठी टायपिंगबद्दल, कारण उजव्या खांद्याचं मूळ इथेही आहे. इनस्क्रिप्टमध्ये, म्हणजे कीबोर्डवरच्या देवनागरी अक्षरांच्या ठरलेल्या मांडणीत, मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला येतात. त्यावर उजव्याच हाताला माउस. ख, घ, छ, झ, थ, ध, फ, भ या सगळ्यांना शिफ्ट लागते, आणि सवय नसलेला माणूस उजव्याच करंगळीनं उजवी शिफ्ट दाबून त्याच हाताच्या दुसऱ्या बोटानं अक्षर मारतो. पंजा ताणला जातो. ही अक्षरं उजव्या हाताची आहेत, तेव्हा शिफ्ट डाव्या करंगळीनं दाबायची. करंगळी दुखतच असेल तर शिफ्ट लागोपाठ पाच वेळा दाबून स्टिकी कीज सुरू करा; मग शिफ्ट धरून ठेवावी लागत नाही, आधी शिफ्ट आणि मग अक्षर, असं एकामागून एक दाबता येतं.

पूर्ण कीबोर्ड १७-१८ इंच रुंद असतो आणि आकड्यांचा भाग उजवीकडे असल्यामुळे माउस खूप बाहेर जातो. लोक कीबोर्डचा मधला भाग स्वतःसमोर ठेवतात, तिथेच चुकतं. बी चं बटण बेंबीसमोर आलं पाहिजे, आकडे उजवीकडे उरले तरी चालतील. आधार क्रमांक आणि मोबाईल नंबर दिवसभर टाकावे लागत असतील तर आकडे नसलेला छोटा कीबोर्ड घ्या आणि आकड्यांचं वेगळं यूएसबी पॅड डाव्या हाताला ठेवा. माउस चार इंच आत येतो आणि काम दोन हातांत वाटलं जातं. कीबोर्डच्या मागच्या बाजूचे छोटे पाय मिटवूनच ठेवा, उघडले की मनगट वरच्या बाजूला वाकतं.

माउसचं कामच कमी करा. फॉर्ममध्ये पुढच्या रकान्यात जायला टॅब, मागे यायला शिफ्ट आणि टॅब. जिल्हा-तालुक्याची यादी आल्ट आणि खालच्या बाणानं उघडते, बहुतेक ठिकाणी पहिली दोन-तीन अक्षरं टाइप केली की तालुका सापडतो.

पोर्टलवरची अक्षरं बारीक असतात. १०० टक्के आकारात अनुस्वार, रफार, र्‍हस्व-दीर्घ नीट दिसत नाहीत, म्हणून माणूस नकळत पडद्याकडे झुकतो आणि खुर्चीची पाठ सुटते. कंट्रोल आणि अधिकचं चिन्ह दाबून १२५ टक्के करा. सातबारा, टीसी, राशन कार्ड टेबलावर आडवं ठेवून पाहिलं की मान दर ओळीला खाली-वर होते. कीबोर्ड आणि पडदा यांच्यामध्ये तिरकी पाटी ठेवा, खाली अर्धा इंच पट्टी मारलेली, म्हणजे कागद घसरत नाही.

---

सेवाकेंद्र_दारव्हा

सगळ्यांचे आभार. टेबल सुताराकडे दिलंय, साडेतीन इंचच कापायला सांगितलं. अजून तीन गोष्टी राहिल्या. कूलर आणि उजेड पाहता बसायचं तोंड कोणत्या दिशेला? लॅपटॉपला हात लावला की कधीकधी मुंग्या आल्यासारखं बारीक करंट लागतं, ते काय? आणि दिरांच्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर होतं.

---

हार्डवेअर_यवतमाळ

तोंड उत्तरेला करा. पूर्वेला केलं तर दुपारनंतर दारातलं ऊन पाठीमागून थेट पडद्यावर पडेल, पश्चिमेला केलं तर डोळ्यांत येईल. दक्षिणेला केलं तर कूलरचा झोत तोंडावर बसतो आणि डोळे चुरचुरतात. पडद्याकडे पाहताना पापण्या तशाही कमी लवतात, त्यात झोत आला की डोळ्यातलं पाणी सुकून जातं.

उत्तरेला बसल्यावर कूलर पाठीशी येईल, म्हणून टेबल पूर्वेच्या भिंतीकडे सरकवा आणि कूलरच्या पट्ट्या अशा वळवा की झोत खोलीच्या मधून जाईल. लॅपटॉपवर कूलरची ओली हवा सरळ येऊ देऊ नका. प्रिंटरचा कागदही झोतात नको. तो ओल धरतो, वाकतो आणि अडकतो. रिम प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, लागतील तेवढेच कागद बाहेर काढा. पाऊस सुरू झाल्यावर कूलरचा पंप बंद करून नुसता पंखा चालवा, त्या दिवसांत पाण्यानं गारवा होत नाही, दमटपणा तेवढा वाढतो.

टिनाखाली मे महिन्यात मोठी अडचण उष्णतेची असते. बाहेर ४५ अंश असताना खोलीत कूलर असूनही ३५ च्या वर जातं, आणि बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेले असतात. त्यापुढे ते स्वतःचा वेग कमी करतात, पोर्टल अडकल्यासारखं वाटतं आणि माणूस पडद्याकडे आणखी झुकतो. टिनावर डिंक किंवा फेविकॉल मिसळलेल्या चुन्याचे दोन हात द्या किंवा टिनाच्या फूटभर वर हिरवी नेट ताणा. नेट टिनाला चिकटून असली तर मध्ये हवा खेळत नाही. पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडं) टाकून सावली करू नका, आगीचा धोका असतो.

ट्यूबलाइट पाठीमागे नको, पडद्यात तिची रेघ दिसते. डाव्या किंवा उजव्या भिंतीवर, तुमच्या नजरेच्या दिशेला समांतर लावा. पडद्याचा उजेड त्याच्या शेजारी धरलेल्या पांढऱ्या कागदाइतकाच असावा.

मुंग्या येतात त्याचं कारण बहुधा अर्थिंग, म्हणजे गळणारा करंट जमिनीत नेणारी जोडणी. चार्जरची पिन तीन पायांची असेल पण बोर्डातल्या अर्थच्या भोकाला वायरच जोडलेली नसेल, किंवा जोडलेली असून जमिनीतलं अर्थिंग सुकलेलं असेल. आपली काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि भेगाळते, मग अर्थिंगसाठी गाडलेल्या रॉडचा मातीशी संपर्क सुटतो. वायरमनकडून मल्टिमीटरनं तपासून घ्या: न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टपेक्षा जास्त दिसायला नको. खड्ड्यात कोळसा-मीठ असेल तर उन्हाळ्यात दर आठवड्याला पाणी सोडा. अर्थची वायर न्यूट्रललाच जोडून देणारे असतात, तसं करू देऊ नका. न्यूट्रल तुटली तर लॅपटॉपचं, प्रिंटरचं अंग जिवंत होतं.

इन्व्हर्टरवर लॅपटॉप, एक पंखा, एक दिवा आणि राउटर ठेवा. लेझर प्रिंटर ठेवू नका, तो गरम होताना एकदम शेकडो वॉट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो.

---

फिजिओ_वर्धा

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, म्हणजे कोपराच्या आतल्या बाजूनं जाणारी नस. दीर बहुधा कोपर टेबलाच्या काठावर टेकवून मोबाईल कानाला लावतात. कोपर पूर्ण वाकलेलं आणि वर काठाचा दाब, असं झालं की ती नस आवळली जाते. इयरफोन वापरा, कोपर टेकवायची जागा काठापासून आत घ्या, खाली घडी केलेला टॉवेल ठेवा. रात्री हात उशीखाली दुमडून झोपण्याची सवय असेल तर तीही सोडावी लागेल.

अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट बधिर होत असेल, रात्री जाग येऊन हात झटकावा लागत असेल, तर ते दुखणं वेगळं, मनगटातल्या नसेचं. तिथे मनगट सरळ ठेवणं महत्त्वाचं. रात्री मनगटाचा पट्टा बांधून झोपल्यानं बऱ्याच जणांना उतार पडतो. कापूस वेचणीच्या दिवसांत हे दुखणं वाढतं, कारण बोटांची तीच ओढ दिवसा शेतात आणि संध्याकाळी कीबोर्डवर होते. त्या महिन्यांत टायपिंगच्या पाळ्या छोट्या ठेवा.

ग्राहकाची जागाही आत्ताच ठरवून टाका. तुमच्या दारातून माणूस डावीकडून येणार. तो अगदी बाजूला उभा राहिला तर तुम्ही दिवसभर मान डावीकडे वळवून बोलणार, आणि प्लास्टिकची खुर्ची काही फिरत नाही. टेबल उत्तरेच्या भिंतीपासून तीन फूट पुढे ओढा आणि ग्राहकाची खुर्ची समोर, डाव्या कोपऱ्याला ठेवा. अंगठ्याचं यंत्र दीड मीटरच्या यूएसबी वायरवर त्याच्या बाजूच्या काठाला ठेवा, म्हणजे तुम्हाला हात लांबवावा लागणार नाही. नाव-पत्ता बरोबर आहे का हे लोकांना स्वतः पाहायचं असतं आणि ते योग्यच आहे. घरात एचडीएमआय असलेला जुना टीव्ही पडून असेल तर तो त्यांच्याकडे तोंड करून जोडा, पडदा डुप्लिकेट करा. लॅपटॉप वळवून दाखवणं बंद होतं.

गर्दीत अर्धा तास झाला की उभं राहा. प्रिंटर मुद्दाम टेबलापासून चार पावलं दूर ठेवला तर उठणं आपोआप होतं. दर २० मिनिटांनी २० सेकंद २० फुटांपलीकडे पाहा. तुमची खोली १२ फुटांची आहे, म्हणून नजर दाराबाहेर न्यावी लागेल.

पकड सुटत असेल, हातातून पेला निसटत असेल, अंगठ्याच्या मुळाचा किंवा अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग सपाट दिसू लागला असेल, किंवा मानेतून हातात कळ जात असेल, तर टेबल-खुर्चीच्या प्रयोगात वेळ घालवू नका. ग्रामीण रुग्णालयात किंवा जवळच्या मेडिकल कॉलेजच्या अस्थिरोग विभागात दाखवा. जाताना कोणती बोटं, दिवसा की रात्री, कशानं वाढतं आणि कशानं कमी होतं हे कागदावर लिहून न्या.